युक्तिवाद कमकुवत करा: पर्याय वाचायच्या आधीच अर्धं उत्तर कसं काढायचं

"खालीलपैकी कोणतं विधान खरं मानलं तर वरचा युक्तिवाद सगळ्यात जास्त कमकुवत होतो?" बँक पीओची मेन्स असो, क्लॅट (कायद्याची प्रवेश परीक्षा) असो, एक्झॅट असो नाहीतर जीमॅट (या दोन्ही एमबीएच्या), शब्द थोडे इकडेतिकडे होतात पण मागणी हीच असते. सीसॅटला (पूर्वपरीक्षेतल्या अभियोग्यतेच्या पेपरला) असा थेट प्रश्न कमी येतो, तिथे गृहीतक (लेखकाने न बोलता धरलेली गोष्ट) आणि निष्कर्षच जास्त विचारतात, पण ज्याला युक्तिवाद कमकुवत करता येतो त्याला गृहीतक वेगळं शिकवावं लागत नाही, कारण दोन्हीकडे शोधायची जागा एकच.

आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अभ्यासिकांमधली पोरं हुशार आहेत, वाचतात पण भरपूर, तरी या प्रश्नात मार्क घालवतात. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो एवढंच. उतारा भराभर वाचायचा, पर्यायांवर उडी मारायची आणि जो पर्याय उताऱ्याच्या विरोधात सगळ्यात मोठ्याने बोलतोय असं वाटेल तो काळा करून मोकळं व्हायचं. पेपर काढणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं, म्हणून तो एक असा मोठ्या आवाजाचा चुकीचा पर्याय मुद्दाम ठेवतोच.

खाली एकच उदाहरण धरून पायऱ्या चढूया. उदाहरणं सगळी सरावापुरती बनवलेली आहेत, आकडे पण.

नमुना: एका बागायतदाराने गेल्या वर्षी आपल्या हापूसच्या कलमांना कुठलंही संजीवक घातलं नव्हतं, तेव्हा मोहोर बेताचाच आला. यंदा त्याने पावसाळ्यात सगळ्या कलमांच्या बुंध्याशी एक नवीन संजीवक घातलं आणि मोहोर भरपूर आला. तेव्हा यंदाचा मोहोर वाढला तो या संजीवकामुळेच.

## तयारी: कच्च्या कागदावर तीन खुणा

प्रत्येक प्रश्नाला तीन ओळी. "नि" म्हणजे निष्कर्ष, "पु" म्हणजे पुरावा, "सा" म्हणजे साकव. साकव आपल्याला माहीतच आहे, पऱ्ह्यावरून (ओढ्यावरून) पलीकडे जायला टाकलेला छोटा पूल. पुरावा या काठावर, निष्कर्ष त्या काठावर, आणि लेखक ज्याच्यावरून पलीकडे गेला तो साकव, जो उताऱ्यात बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. आपलं काम साकव हलवायचं. काठ खणत बसायचं नाही.

सुरुवातीचा महिनाभर तरी हे लिहूनच करा. डोक्यात करतो म्हणणारे पाचव्या प्रश्नापासून परत पर्यायांवर उड्या मारायला लागतात.

## पायरी १: प्रश्न आधी, उतारा नंतर

आधी उताऱ्याखालची प्रश्नाची ओळ वाचायची. दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, काम काय सांगितलंय. कमकुवत, दुर्बल, छेद देणारं, शंका उपस्थित करणारं, आक्षेप घेणारं, ही सगळी एकाच कामाची नावं. "बळकटी देणारं" असेल तर उलटं काम. "यावरून काय अनुमान निघतं" असेल तर काम पूर्ण वेगळं आणि हा लेख तिथे लागू नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे "वगळता" किंवा "करत नाही" हे शब्द. "खालीलपैकी कोणतं विधान युक्तिवाद कमकुवत करत नाही?" इथे चार पर्याय कमकुवत करतील आणि पाचवा काहीच करणार नाही, तो पाचवा तुमचं उत्तर. लक्षात ठेवा, त्याने युक्तिवाद बळकटच केला पाहिजे असं नाही, तो नुसता बाजूला बसलेला असला तरी चालतो.

इशारा: "खरं मानलं तर" हे तीन शब्द सगळे वाचतात आणि कोणी पाळत नाही. पर्यायात लिहिलंय ते प्रत्यक्षात खरं आहे का, हा वाद घालायचाच नाही. पर्याय म्हणतो देवगडला बर्फ पडतो, तर पडतो. बर्फ पडल्याने युक्तिवादाचं काय होतं तेवढंच बघायचं.

## पायरी २: निष्कर्ष पकडा

म्हणून, त्यामुळे, सबब, तेव्हा, यावरून स्पष्ट होतं, अर्थात, या शब्दांच्या मागोमाग निष्कर्ष असतो. "कारण" आणि "कारण की" यांच्या मागोमाग पुरावा असतो आणि निष्कर्ष त्यांच्या आधी गेलेला असतो. पण शब्दांवरच विसंबू नका, कारण पेपर काढणारा हे शब्द गाळतो आणि निष्कर्ष पहिल्याच वाक्यात टाकून देतो. आणखी एक जागा म्हणजे "काही लोकांचं म्हणणं आहे की... पण ते बरोबर नाही." इथे लोकांचं म्हणणं हा निष्कर्ष नाही, "ते बरोबर नाही" हा निष्कर्ष, आणि अर्धी पोरं लोकांच्या म्हणण्यालाच कमकुवत करून येतात म्हणजे लेखकाला मदतच करतात.

तपासणी: दोन वाक्यांत गोंधळ असेल तर एकाच्या पुढे "का बरं?" विचारा. उत्तर म्हणून दुसरं वाक्य नीट बसलं तर पहिलं निष्कर्ष. "मोहोर संजीवकामुळे वाढला. का बरं? कारण गेल्या वर्षी घातलं नव्हतं तेव्हा कमी होता." बसलं. उलटं करून बघा, बसत नाही.

निष्कर्ष लिहिताना त्याची मापं तशीच्या तशी लिहा. आपल्या नमुन्यात निष्कर्ष मोहोर वाढल्याबद्दल आहे, फळ वाढल्याबद्दल नाही, पैसे मिळाल्याबद्दल तर नाहीच. "यामुळेच" असं आहे, "यामुळेही" असं नाही. सगळे, बहुतेक, काही, कायम, यंदा, असे शब्द निष्कर्षात असतील तर त्यांना गोल करा. पुढे दोन पर्यायांत अडकलात की निकाल हाच शब्द देणार आहे.

## पायरी ३: पुरावा वेगळा काढा आणि त्याला हात लावू नका

पुरावा: गेल्या वर्षी संजीवक नाही, मोहोर कमी. यंदा संजीवक, मोहोर जास्त. हे खरं धरायचं. "कशावरून मोहोर जास्त आला?" हा प्रश्न बागेत विचारायचा, पेपरात नाही.

कमकुवत करणं म्हणजे लेखकाला खोटा ठरवणं असं समजून पोरं पुराव्याच्या विरुद्ध बोलणारा पर्याय शोधत बसतात, आणि चांगल्या पेपरात तसा पर्याय बरोबर उत्तर म्हणून जवळजवळ कधीच नसतो. पुरावा सगळा खरा असूनही निष्कर्ष डळमळला पाहिजे.

यात एक बारीक गोष्ट आहे. पुरावा खोटा न ठरवता तो तुलनेला लायक नाही असं दाखवता येतं. समजा पर्याय म्हणाला की गेल्या वर्षी मोहोराची नोंद डिसेंबरच्या सुरुवातीला घेतली होती आणि यंदा फेब्रुवारीत. दोन्ही नोंदी खऱ्या, पण एकीकडे मोहोर नुकता फुटत होता आणि दुसरीकडे पूर्ण फुटलेला, मग तुलना कसली. हे चालतं, आणि चांगलं उत्तर असतं.

## पायरी ४: साकव कुठे आहे ते शोधा

खरा वेळ इथे घालवायचा. साकवांचे प्रकार मोजकेच आहेत, आणि प्रकार ओळखला की तो कुठून हलतो ते आपोआप कळतं.

याच्यामुळे ते झालं (कार्यकारण). सगळ्यात जास्त येणारा. आपला नमुना हाच. लेखकाने गृहीत धरलंय की दुसरं काही कारण नव्हतं. हलवायचे रस्ते असे: दुसरं कारण दाखवा, कारण नसतानाही परिणाम झाला असं दाखवा, कारण असूनही परिणाम झाला नाही असं दाखवा, किंवा गाडी उलटी आहे असं दाखवा, म्हणजे ज्याला परिणाम म्हणतोय तेच कारण होतं. उलट्या गाडीचा पर्याय पोरांना सुचतच नाही. "ज्या गावांत होमस्टे जास्त तिथे पर्यटक जास्त, म्हणून होमस्टे काढले की पर्यटक येतात." उलटं बघा ना, पर्यटक आधी यायला लागले म्हणून लोकांनी होमस्टे काढले असतील.

थोड्यांवरून सगळ्यांचं (नमुना). "गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांना विचारलं तर दहातले नऊ म्हणाले आम्हाला कायमचं गावी परत यायचंय. म्हणून मुंबईतल्या बहुतेक कोकणी लोकांना परत यायचंय." ज्यांना गावाची ओढ नाही ते गणपतीला आलेच नाहीत, मग त्यांना विचारलं कोणी? विचारलेले लोक आणि निष्कर्षातले लोक वेगळे आहेत असं सांगणारा पर्याय शोधा. किती जणांना विचारलं यापेक्षा कोणाला विचारलं हे महत्त्वाचं.

टक्का आणि आकडा. "एका दुकानाच्या एकूण विक्रीत कोकम सरबताचा वाटा ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आला, म्हणजे सरबताची विक्री घटली." दुकानाची एकूण विक्री दुप्पट झाली असेल तर? आधी १०० बाटल्यांत ४०, आता २०० बाटल्यांत ५०. वाटा घटला, विक्री वाढली. पुराव्यात टक्के आणि निष्कर्षात आकडा (किंवा उलट) दिसला की बाकी काही शोधू नका, एकूण किती बदललं ते सांगणारा पर्याय शोधा.

तिथे झालं म्हणून इथेही होईल (साम्य). "वेळासला कासव महोत्सवामुळे घरोघरी राहण्याजेवणाची सोय करून लोकांना उत्पन्न मिळालं, आपल्या गावालाही किनारा आहे, आपणही महोत्सव भरवूया म्हणजे उत्पन्न मिळेल." आपल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतच नसतील तर संपलं. फरक दाखवायचा, पण निष्कर्षाला लागू होणारा. वेळास मंडणगड तालुक्यात आहे आणि आपलं गाव नाही, हा फरक असला तरी निरुपयोगी.

असं करा म्हणजे तसं होईल (योजना). "जेटीजवळ पार्किंगला फी लावली तर लोक गाड्या आणणार नाहीत आणि रस्त्यावरची कोंडी कमी होईल." दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला अशा फेरीबोटीच्या रांगेत जो उभा राहिलाय त्याला लगेच सुचेल की कोंडी करणाऱ्या गाड्या पार्क करायला आलेल्याच नाहीत, त्या बोटीची वाट बघतायत. हे बरोबर उत्तर. "फी लावली तर गावकरी नाराज होतील" हे चुकीचं, कारण निष्कर्ष कोंडीबद्दल आहे, नाराजीबद्दल नाही. योजनेच्या प्रश्नात योजना चांगली की वाईट हे कधी विचारत नाहीत, ठरवलेलं साध्य होईल का एवढंच विचारतात. आपल्याकडे ग्रामसभेत बोलायची सवय असलेले लोक इथे हमखास घसरतात!

## पायरी ५: पर्याय झाका आणि उत्तर स्वतः बोला

खरंच हाताने झाका, स्क्रीन असेल तर वर सरकवा. आता एक वाक्य बोला: "मोहोर दुसऱ्या कशामुळे तरी वाढला असेल तर?"

बस, एवढं. नेमकं वाक्य सुचायची गरज नाही, दिशा हवी. कोकणातल्या माणसाला इथे पटकन सुचेल की हापूस तसाही वर्षाआड धरतो, गेल्या वर्षी कमी म्हणजे यंदा जास्त असणारच, त्यात संजीवकाचं काय कौतुक. चांगलं आहे, दिशा बरोबर. पण तुम्हाला सुचलेलं कारणच पर्यायात असेल असा हट्ट धरू नका. आपलं ज्ञान दिशा शोधायला वापरायचं आणि मग बाजूला ठेवायचं. ज्या विषयातलं आपल्याला जास्त कळतं त्याच प्रश्नात आपण जास्त चुकतो, हे मी आंबा, मासळी आणि एसटी या तिन्ही विषयांवर पोरांना चुकताना बघितलंय.

तपासणी: पंधरा-वीस सेकंदात दिशा सुचली नाही तर अडून बसू नका. साकवाचा प्रकार कागदावर लिहा आणि पुढे चला, अर्ध्या वेळा तेवढंही पुरतं.

## पायरी ६: पर्याय चाळा

आता पर्याय उघडा:

अ) हे संजीवक बाजारातल्या इतर संजीवकांपेक्षा बरंच महाग आहे.
ब) आजूबाजूच्या ज्या बागांत यंदा कुठलंही संजीवक घातलं नाही तिथेही मोहोर गेल्या वर्षीपेक्षा तेवढाच वाढला.
क) संजीवक घातलेल्या कलमांपैकी काहींना इतरांपेक्षा कमी मोहोर आला.
ड) संजीवक बनवणाऱ्यांनी ते विकायच्या आधी कलमांवर तपासून बघितलं होतं.
इ) मोहोर भरपूर आला तरी तुडतुडे आणि भुरीमुळे त्यातला बराचसा गळून जातो आणि फळ कमीच धरतं.

प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न: हे खरं असेल तर निष्कर्षावरचा माझा विश्वास कमी झाला का? कमी, जास्त, काही नाही. वजा, अधिक, शून्य अशी खूण करा.

"अ" शून्य. महाग असेना, मोहोर त्यामुळे आला की नाही? "ड" थोडा अधिककडे झुकतो, फार तर शून्य. उलट दिशेचा असा एखादा पर्याय बहुतेक प्रश्नांत असतो आणि घाईत तोच उचलला जातो कारण त्यातले शब्द विषयाचेच असतात.

"इ" बघा. बागायतदाराच्या घरातल्या पोराने हाच पर्याय उचलायचा. शंभर टक्के खरं आहे, घरी दरवर्षी बघतो, आणि तरी शून्य, कारण निष्कर्ष फळाबद्दल नव्हताच. पायरी दोनला "मोहोर" शब्दाला गोल केला असता तर दोन सेकंदात उडाला असता.

उरले "ब" आणि "क".

इशारा: पर्याय टोकाचा आहे ("सगळे", "कधीच नाही") म्हणून इथे उडवू नका. ती युक्ती अनुमानाच्या प्रश्नांची आहे. इथे पर्याय खराच मानायचा असल्यामुळे जितका टोकाचा तितका तो जास्त हलवतो. "काही", "कधी कधी", "एखादा" हे शब्द मात्र संशयाने बघा.

## पायरी ७: दोन उरले तर

"क" म्हणतो काही कलमांना इतरांपेक्षा कमी मोहोर आला. इतरांपेक्षा कमी, गेल्या वर्षीपेक्षा कमी असं म्हणत नाही. सगळ्या कलमांना सारखाच मोहोर येईल असा दावा लेखकाने केलाच नव्हता. म्हणजे जवळजवळ शून्य. "ब" मात्र कारण नसताना परिणाम दाखवतो, आणि तोही तेवढाच, त्यामुळे संजीवकाला श्रेय द्यायला काही उरतच नाही. उत्तर ब.

दोघांपैकी निवडताना लेखक समोर बसलाय असं समजा आणि दोन्ही पर्याय त्याला ऐकवा. ज्याला तो सहज म्हणेल "असेल, त्याने माझं काय बिघडतं" तो उडवा. ज्याला उत्तर द्यायला त्याला नवीन माहिती आणावी लागेल तो ठेवा.

आणि एक, "ब" ने निष्कर्ष पूर्ण खोटा ठरला का? नाही. कदाचित त्या बागांना वेगळं कारण असेल आणि इथे खरंच संजीवकाने काम केलं असेल. तरी चालतं. कमकुवत म्हणजे डळमळीत, मोडलेला नाही. "पण सर, याने सिद्ध कुठे होतं?" असं विचारून बरोबर पर्याय उडवणारे हुशार विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

## पायरी ८: कधी सोडायचा

दीड ते दोन मिनिटांच्या वर एका प्रश्नाला देऊ नका. त्यानंतर हिशोब करा, आणि तो परीक्षेप्रमाणे बदलतो. यूपीएससीच्या सीसॅटला प्रश्न २.५ मार्कांचा आणि चुकलं तर एक तृतीयांश वजा, म्हणजे साधारण ०.८३. एमपीएससीला पाव भाग वजा. यूपीएससीला चारही पर्याय अंधारात असतील तर ठोकून सरासरी फायदा शून्य, पण एक पर्याय जरी खात्रीने उडाला तर पारडं तुमच्या बाजूला झुकतं. क्लॅटला १ मार्काला ०.२५ वजा. एमबीएच्या महाराष्ट्र सीईटीला निगेटिव्ह नाही, तिथे रिकामं सोडणं म्हणजे गाढवपणा. जीमॅटला तर उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडतच नाही.

खात्रीने उडाला म्हणजे कागदावर शून्य किंवा अधिक खूण आहे तो. "वाटत नाही" म्हणून उडवलेला मोजायचा नाही.

## सराव: हे स्वतः सोडवा

कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते आणि गाड्या कमी वेगाने चालवते. एका प्रवाशाचं म्हणणं: वेग कमी असूनही रुळांवर दरड-माती येऊन गाड्या अडकण्याचे प्रकार इतर महिन्यांपेक्षा पावसाळ्यातच जास्त होतात, सबब वेग कमी ठेवून सुरक्षिततेला काहीच फायदा होत नाही. खालीलपैकी कोणतं विधान खरं मानलं तर हा युक्तिवाद सगळ्यात जास्त कमकुवत होतो?

अ) वेग कमी असल्यामुळे प्रवाशांचे काही तास वाया जातात.
ब) वेग कमी असला की रुळांवर माती दिसल्यावर चालकाला गाडी तिच्या अलीकडे थांबवता येते.
क) दरड पडते ती पावसाने डोंगराची माती सुटल्यामुळे, गाडीच्या वेगाचा दरड पडण्याशी संबंध नसतो.
ड) पावसाळा संपला की गाड्या पुन्हा नेहमीच्या वेगाने धावतात.

"अ" आणि "ड" लगेच शून्य. भांडण "ब" आणि "क" मध्ये आहे, आणि "क" वाईट पर्याय नाही. दरडी का वाढल्या ते तो सांगतो, म्हणजे प्रवाशाचा पुरावा मुद्द्याला धरून नाही हे दाखवतो. पण तेवढं मान्य करूनही प्रवासी म्हणू शकतो, "ठीक आहे, दरडी पावसाने पडतात, मग वेग कमी करून फायदा काय?" त्याचा निष्कर्ष अजून उभा आहे. आता निष्कर्षातला गोल करायचा शब्द बघा, "काहीच". "ब" खरं असेल तर फायदा झालेला समोर दिसतो, गाडी अडकली खरी पण मातीवर आदळली नाही, आणि "गाडी अडकणं" म्हणजेच "असुरक्षित" असं जे प्रवाशाने न बोलता धरलं होतं तेच निसटतं. प्रश्नात "सगळ्यात जास्त" म्हटलंय, म्हणून ब.